चौदा कमी

धातू कापायची नवी एंडमिल डबीतून काढली की पट्टीवाले नाना तिच्या दांड्यावर कंपनीने कोरलेला आकडा वाचायचे आणि मग तो वाचलाच नाही असं समजून माप घ्यायला बसायचे. आकडा सोळा मिलिमीटर असला तरी माप निघायचं पंधरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. कधी सोळाला सोळाही निघायचं, पण त्यानं नाना खूश होत नसत. "कंपनीनी लिखं म्हनीसन सोळा व्हत नही," ते म्हणायचे. "कंपनीमा बी मान्सेज कामले शेतस ना?" टूल विकायला येणारा पोरगा एकदा बिल, सर्टिफिकेट सगळं दाखवून थकला. नानांनी ते कागद व्यवस्थित घडी करून त्याच्या खिशात परत ठेवले आणि म्हणाले, "हाई तुन्हा सायबले दखाड. माले टूल दे."

शहाद्याहून प्रकाशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप होतं. जिनिंगचे, पंपांचे, साखर कारखान्याचे सुटे भाग आम्ही करायचो. मी तिथे सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचो. नाना साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. झिजलेल्या कटरला पुन्हा धार लावणं आणि प्रत्येक कटर मोजून मशीनवर पाठवणं हे त्यांचं काम. मोजून झालं की दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी ते कटरच्या दांड्याला गुंडाळायचे आणि तिच्यावर काळ्या बॉलपेननं लिहायचे. म्हणून पट्टीवाले नाना. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

आज शहाद्यातल्या चार-पाच वर्कशॉपमध्ये कुणाचं माप चुकलं की बाकीचे हसून विचारतात, "काय रे, अठ्ठावीस व्हयनं का?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी नानांना पाहिलेलंही नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वाटतं, म्हातारपणी नानांचे डोळे गेले, त्यांनी चौदाचे अठ्ठावीस लिहिले आणि चोवीस नग वाया घालवले. ते अठ्ठावीस नानांचं नव्हतं. एवढंच सांगायला मी हे लिहायला बसलो आहे. पण नाना कसे होते ते सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ कळणार नाही.

टूलची जाडी मशीनला का सांगावी लागते, हे मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं नानांनी एका चहात सांगितलं. मशीनला टूलचा मध्य माहीत असतो आणि कापते ती टूलची कड. "बांधना कडे कडे ट्रॅक्टर चालाडना शे," नाना म्हणाले. "ड्रायव्हर मजारमा बसस, चाक बाहेर ऱ्हास. चाक कितलं रुंद शे हाई ड्रायव्हरले ठाऊक नही, ते बांध गया." धार लावली की टूल बारीक होतं. बारीक झालेलं चाक घेऊन तोच ड्रायव्हर तसाच गेला तर बांधापासून लांब राहतो. म्हणून टूल किती बारीक झालं ते दरवेळी मोजून मशीनच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे फरकाच्या रकान्यात, भरायचं, म्हणजे ते तेवढं सरकून चालतं.

नाना पट्टीवर पूर्ण माप लिहीत नसत. फक्त घट लिहायचे. 'सहा कमी', 'चौदा कमी'. म्हणजे मिलिमीटरचे सहा शतांश, चौदा शतांश. पूर्ण माप का लिहीत नाही असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सोळा ते समदासले ठाऊक शे. कितलं गयं ते लिखनं." कपाटात ओळीनं ठेवलेल्या कटरांवर त्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या की पायाला बँडेज बांधलेले पेशंट दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसल्यासारखे दिसायचे. एका कटरवर कधी एकावर एक चार पट्ट्या नसायच्या. नवी लावण्याआधी जुनी नखानं सोलून, दांडा रॉकेलनं पुसून, मगच.

कापून नुकतंच बाहेर आलेलं टूल ते हातात घेत नसत. "तापेल शे अजून. बसू दे तेले. तव्हलगून चहा पी लेऊत." आणि खरंच ते टूल फडक्यावर ठेवून आम्ही चहाला जायचो. मे महिन्यात पत्र्याखाली पंखाही गरम हवा फेकायचा तेव्हा नानांचं मोजण्याचं काम सकाळी सात ते दहा. नंतर ते धार लावायचे, कपाट आवरायचे, पण माप घेत नसत. शेठ कुरकुरायचे. नाना म्हणायचे, "शेठ, दुफारना आकडा पाहिजे का खरा पाहिजे?" शेठ हसून निघून जायचे. शेठ माणूस वाईट नव्हता, हेही इथेच लिहून ठेवतो.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे मायक्रोमीटरचं शून्य पाहणं. मायक्रोमीटर त्यांचा स्वतःचा, कारखान्यातल्या तरुणपणीचा. लाकडी डबी, आत हिरवं कापड. डबीतच एक प्रमाणाचा छोटा दांडा असायचा. तो धरून रेघ रेघेला लागते का पाहायचं. "पहिले आपलं शून्य पाह्यनं, मंग दुसराले मोजनं." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढेपुढे मला ते ऐकूच येईनासं झालं. एकदा हिवाळ्यात आम्ही सगळे तोरणमाळला गेलो. घाट चढताना अर्धे ओकत होते. वर पोहोचल्यावर सगळे तळ्याकडे गेले आणि नाना एका दगडावर बसून खिशातून डबी काढून शून्य पाहू लागले. इतक्या थंडीत काय होतं ते त्यांना बघायचं होतं. प्रमाणाचा दांडा धरला, तर रेघ जागच्या जागी होती. "दोन्ही बराबर आकसनात," ते म्हणाले आणि दिवसभर त्या आनंदात होते.

माझ्या साखरपुड्याची अंगठी सैल झाली तेव्हा सोनाराला नावं ठेवत मी कामावर आलो. नानांनी व्हर्नियर काढला आणि माझं बोट मोजलं. संध्याकाळी सुटताना पुन्हा मोजलं. "सकायना इंजिनेर आनि संध्याकायना इंजिनेर येक नही. सोनारले कसाले गाया देस?" ते मला इंजिनेर म्हणायचे. आधी टोमणा होता, नंतर लाड झाला. लग्नात त्यांनी भेट काय आणली तर अॅल्युमिनियमचा एक चकचकीत ठोकळा, त्यात आठ बाय आठ खाचा. तीन धारांचं टूल मायक्रोमीटरमध्ये नीट धरता येत नाही, म्हणून नाना त्यानं अॅल्युमिनियमच्या तुकड्यात एक खाच मारायचे आणि खाच मोजायचे. अशाच एका मोठ्या तुकड्यावर एकेक खाच जपून मारत त्यांनी तो बुद्धिबळाचा पट केला होता. प्रत्येक खाच वेगळ्या टूलची. माझ्या मुलीनं त्यावर बरीच वर्षं चिंचोके मांडले.

आमच्याकडे मशीन दोन. जुनं नाशिकहून सेकंड हँड आणलेलं, नवं नंतर आलेलं. जुन्याच्या ऑफसेटमध्ये त्रिज्येचा फरक भरावा लागायचा, नव्याच्यात व्यासाचा. पट्टीवर 'चौदा कमी' असेल तर जुन्या मशीनला सात सांगायचे, नव्याला चौदा. मी नानांना म्हटलं होतं, जुन्या मशीनसाठी निम्मं करूनच लिहा ना, म्हणजे घोळ नको. ते ऐकेनात. "पट्टीवर टूलनं लिखेल शे. मशीननं तू मशीनले सांग." पण त्यांनी लाल रंगानं एका कागदावर 'निम्मं' असं मोठं लिहून जुन्या मशीनच्या पडद्याशेजारी चिकटवलं. ते बरीच वर्षं तिथे होतं.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिनिंगच्या रोलरसाठी चोवीस बेअरिंग हाउसिंगची ऑर्डर आली. बिडाचे नग, आत बेअरिंग बसायला बासष्ट मिलिमीटरचं भोक. काम जुन्या मशीनवर. त्या मशीनचा ऑपरेटर भावाच्या लग्नाला गेलेला, म्हणून मी स्वतः उभा राहिलो. दोन वर्षं मी नव्या मशीनवरच काम करत होतो. नाना त्या दिवशी नंदुरबारला डोळे तपासायला जाणार होते. त्यांना पाठवलं मीच. गेले काही महिने ते माप वाचताना मायक्रोमीटर उजेडाकडे नेऊन डोकं मागे न्यायचे, ते मी पाहिलं होतं. वाचायचे मात्र बरोबर. मी चोरून तपासलंही होतं, दोनदा.

सकाळी आठ वाजता त्यांनी सोळाचं टूल माझ्या हातात दिलं. पट्टीवर 'चौदा कमी'. भोक मोजायचा गेज त्यांच्या कपाटात असायचा. त्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हातानं टाकली. "पहिला नग मोजाबिगर दुसरा बांधू नको, इंजिनेर." मी म्हटलं, "नाना, जा हो तुम्ही, बस जाईल." ते एसटी स्टँडकडे चालायला लागले.

मी ऑफसेटमध्ये चौदा भरले. निम्मं केलं नाही. लाल अक्षरांच्या त्या कागदावर ऑपरेटरनं त्याच्या भावाची लग्नपत्रिका चिकटवली होती; 'निम्मं' तिच्याखाली गेलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या कागदाची मला गरज नव्हती. मला माहीत होतं. हाताला नव्या मशीनची सवय लागली होती, हातानं चौदा दाबले. टूल होतं त्याहून जास्त बारीक आहे असं मशीनला सांगितलं गेलं आणि मशीन तेवढं जास्त सरकलं. प्रत्येक भोक चौदा शतांश मोठं झालं. डोळ्याला दिसत नाही एवढं. बेअरिंगला मात्र पुरतं.

पहिला नग निघाला तेव्हा किल्ली खिशात होती. कपाट दहा पावलांवर होतं. चारला नग न्यायला गाडी येणार होती. मी एक बेअरिंग घेऊन भोकात सोडलं, ते अंगठ्यानं अलगद आत गेलं. मला बरंच वाटलं. मी दुसरा नग बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोवीसच्या चोवीस परत आले. जिनिंगचा फिटर सोबत आला होता. त्यानं एक हाउसिंग शेठच्या टेबलावर ठेवलं, आत बेअरिंग टाकलं आणि बोटानं हलवून दाखवलं. खडखड वाजलं. शेठनी मला आत बोलावलं. आत जाण्यापूर्वी मी मशीनकडे गेलो होतो. ऑफसेटच्या पानावर चौदा दिसत होते. टूल अजून मशीनलाच होतं, दांड्यावर पट्टी. चौदा कमी. मी पट्टी सोलली. रॉकेल नव्हतं, नखानंच सोलली. गोळी करून बिडाच्या काळ्या भुशात टाकली आणि वरून पायानं भुसा सारला.

"ऑफसेटमा काय शे?" शेठनी विचारलं.

"चौदा."

"आनि पट्टीवर काय लिखेल व्हतं?"

मी म्हणालो, "अठ्ठावीस."

अठ्ठावीसचं निम्मं चौदा. म्हणजे मी बरोबर भरले आणि नानांनी चुकीचे लिहिले. हे गणित मी दारातून टेबलापर्यंत जाताना केलं. माझं गणित चांगलं होतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असंही नव्हतं. शेठनी फार तर चार दिवस तोंड फिरवलं असतं. दिवाळीनंतर सगळ्या मशीनचा इनचार्ज म्हणून माझं नाव लागणार होतं, एवढंच. तेवढ्यासाठी मी ते बोललो की नुसतंच तोंडातून गेलं, हे मला आजही ठरवता येत नाही. शेठनी हाउसिंगमधलं बेअरिंग काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ग्यात नानाना डोया." रागानं नाही म्हणाले. हळहळून म्हणाले. त्यामुळे मला गप्प बसणं सोपं गेलं.

नाना तिसऱ्या दिवशी आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे दोन दिवस त्यांना घरीच बसायला सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरनी सांगितलं होतं, आणि ही बातमी त्यांच्या आधीच वर्कशॉपमध्ये पोहोचली होती. शेठनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. नाना एकच म्हणाले, "मी अठ्ठावीस लिखं?" मग म्हणाले, "टूल आना."

दांड्यावर पट्टी नव्हती; कामात सुटून पडली असेल, असं मी शेठना आधीच सांगून ठेवलं होतं. नानांनी फडकं अंथरलं. आधी शून्य पाहिलं. मग टूल मोजलं, डोकं मागे नेऊन, उजेडाकडे धरून. पंधरा शहाऐंशी. मायक्रोमीटर तसाच माझ्याकडे दिला. मी वाचलं. पंधरा शहाऐंशी. सगळे गोल उभे होते. "चौदाज कमी शे," नाना म्हणाले. बोलायला तेव्हा जागा होती. कुणी घाई केली नव्हती. मी म्हणालो, "लिखता लिखता चुकनं व्हई, नाना."

"लिखाले मी चुकत नही," ते म्हणाले. "वाचाले चुकनू." मग मायक्रोमीटरची गोल पट्टी फिरवत ते त्या रेघा बघत राहिले. पंधरा शहाऐंशी असताना गोल पट्टीवर छत्तीसची रेघ लागते. अठ्ठावीस कमी लिहायला ती बावीसची दिसायला हवी. "छत्तीसनं बावीस कसं दिखनं माले?" त्यांनी हे कुणाला विचारलं नाही. पण उत्तर माहीत असलेला माणूस समोर उभा होता.

ती हाउसिंग वाचवायची तर भोक आणखी मोठं करून आत पातळ कड्यासारखे बुश बसवायचे, असं ठरलं. बुश नानांनीच लेथवर काढले. चोवीस. एक बुश झाला की लेथ बंद करायचे, बुश पुसायचे, हातात घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे आणि ठेवायचे. "तू मोज. मन्हा डोयास्वर भरोसा नही." मी मोजायचो. बरोबर असायचा. मी म्हणायचो, "बरोबर आहे, नाना." ते मान हलवून परत जायचे. असं चोवीस वेळा झालं, तीन दिवसांत. चोवीसातला एकही बुश अर्ध्या शतांशानंही चुकला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त 'बरोबर आहे' म्हणत राहिलो.

शेठ त्यांना स्टोअरमध्ये बसा म्हणत होते. नाना आठवडाभर बसले. मग एका शनिवारी डबी घेऊन माझ्याकडे आले. "आते तू मोजस. तू ठेव." मी नको म्हटलं, तर त्यांनी ती माझ्या जेवणाच्या पिशवीत डब्याशेजारी ठेवली. लाल 'निम्मं' झाकलं गेलं आहे, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. लग्नपत्रिका तोपर्यंत तिथेच होती. रविवारनंतर ते आले नाहीत. इनचार्ज म्हणून माझं नाव दिवाळीनंतर लागलं.

'अठ्ठावीस' कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. आधी आमच्याकडे एकानं गंमत म्हणून विचारलं असेल. मग ऑपरेटर एका वर्कशॉपमधून दुसरीकडे जातात, बोलणंही जातं. मी पहिल्यांदा ते एका परक्या वर्कशॉपमध्ये ऐकलं. तिथला माणूस माझ्याशी बोलता बोलता दुसऱ्यावर ओरडला, "अरे, पट्टीवाल्या नानागत अठ्ठावीस करू नको!" आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

दोन वर्षांनी मी ब्राह्मणपुरीला नानांच्या घरी गेलो. ते मुलाकडे राहत होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. ओट्यावर बसून ते केळीच्या घडांना बांधायच्या सुतळीचे तुकडे एका मापात कापत होते. मला बघून उठले, सुनेला चहा टाकायला सांगितला, शेठची, मशीनची, माझ्या मुलीची चौकशी केली. मी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणालो, "नाना, पट्टीवर चौदाज व्हतं. मी निम्मं करं नही. मी खोटं बोलनू."

त्यांनी सुतळीचे तुकडे बाजूला सारले. मला वाटलं आता उठून आत जातील, किंवा शिवी देतील. मी तयार होतो. ते म्हणाले, "पट्टी शे का तुन्हाजोडे?"

"नही. मी फेकी दिन्ही."

"ते टूल?"

"चार दाव धार लागनी त्याले. मंग मोडनं."

"मंग मोजाले काय ऱ्हायनं?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. कपाटाची किल्ली, लग्नपत्रिका, बिडाचा भुसा, दारातून टेबलापर्यंत केलेलं गणित. मधे एकदा त्यांनी सुतळीचा एक तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. माझं संपल्यावर म्हणाले, "डॉक्टरनी सांगं, उजवा डोया वरीसभरपासून कामना नव्हता. माले समजनं बी नही. आते इतलं साफ दिखस, तव्हय समजस का तव्हय काय दिखे नही." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मन्हं मन ठेवाकरता बोली ऱ्हायना. चांगला शे तू, इंजिनेर."

मी शपथ घेतली. मुलीची घेतली. त्यांना ते आवडलं नाही. "पोरनी आन कसाले लेस?" आयुष्यभर त्यांनी कुणाच्या तोंडाचा आकडा मानला नव्हता, कंपनीचा नाही, सर्टिफिकेटचा नाही. माझा का मानावा? मोजून दाखवता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. मी बरोबर नेलेली डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, शून्य पाहिलं आणि म्हणाले, "रोज पाहस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी डबी बंद करून परत दिली. निघताना फाट्यापर्यंत सोडायला आले. बस लांब दिसली तेव्हा म्हणाले, "येक सांग. छत्तीसनं बावीस, आसं तुले कव्हय दिखनं का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "माले अजून समजत नही."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले म्हणतात. दहाव्याला मी गेलो होतो. मुलानं सांगितलं, शेवटच्या वर्षी बाबा कॅलेंडरवरचे आकडे लांबून मोठ्यानं वाचायचे, नातवासाठी नाही, स्वतःसाठी. दाराच्या उंबऱ्यात उभं राहून छत्तीस, बावीस, असले आकडे कागदावर लिहून भिंतीला लावायचे आणि एक डोळा झाकून बघायचे. मुलाला त्याचं हसू येत होतं. त्याला मी काही सांगितलं नाही. तिथे सांगून काय झालं असतं ते मला माहीत नाही. शेठना मात्र त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे रे. तू त्या म्हातारानं भलतंच मनले लाई लिन्हं."

आता आमच्याकडे टूल मोजायचं यंत्र आहे. टूल आत ठेवलं की प्रकाशानं माप घेतं आणि आकडा थेट मशीनमध्ये जातो. पट्टी लागत नाही, निम्मं करावं लागत नाही. तरी मी प्रत्येक टूल आधी नानांच्या मायक्रोमीटरनं मोजतो, पट्टी लावतो, घट लिहितो. पोरांना वाटतं सरांची जुनी सवय आहे. परवा एका ऑपरेटरनं पहिला नग मोजला, तो आठ शतांशानं मोठा निघाला. शेजारचा ओरडला, "काय रे, अठ्ठावीस व्हयनं का?" सगळे हसले. मी पुढे जाऊन म्हणालो, "ते अठ्ठावीस नानांचं नव्हतं. माझं होतं. नानांनी चौदाच लिहिलं होतं."

ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं. मग इतर बघत होते त्यांच्याकडे बघितलं. "हां सर," तो समजूतदारपणे म्हणाला आणि ऑफसेटचं पान उघडायला पडद्याकडे वळला.